अमावाल म्हणजे टोपली

मादीला उचलून नेलं तेव्हा त्याच्या खोलीत पिस्तूल सापडलं नाही, पत्रकं सापडली नाहीत, चोरून गाळलेली दारूसुद्धा सापडली नाही. सापडल्या त्या कॅसेटी. बुटांच्या खोक्यात नीट उभ्या लावलेल्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर एकच शब्द: अमावाल. त्याखाली कुठे 'घाणा', कुठे 'माग', कुठे 'शेळ्या'.

सुरक्षा खात्याच्या माणसांनी त्या तिथेच लावून पाहिल्या. गाणी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. डोंगरी गाण्यांना बंदी होती, आणि जप्त केलेली गाणी नंतर जीपमध्ये ऐकायला बरी पडत. पण या कॅसेटींत गाणं नव्हतं. एक म्हातारी एक शब्द उच्चारायची आणि थांबायची. मागे कोंबडा आरवायचा. मग दुसरा शब्द. पुन्हा शांतता. वाक्य नाही, गोष्ट नाही, एखादी शिवीही नाही. माणूस वाक्य न करता इतका वेळ बोलत असेल तर पाणी कुठेतरी मुरतंय, एवढी अक्कल त्या खात्यात सगळ्यांना होती. त्यांनी खोकं उचललं, मादीलाही उचललं.

मादीचे मामा, उस्ताद आयाद, तामझुराच्या शाळेत अरबी व्याकरण शिकवत. नफूसाच्या डोंगरातली सगळी गावं घरात जी भाषा बोलत, तीच तेही घरात बोलत. ती भाषा अस्तित्वात नाही हे शाळेत शिकवण्याचा त्यांना पगार मिळे. सरकारी मत स्पष्ट होतं: डोंगरातले लोक बोलतात ती भाषा नव्हे, अरबीचीच वाट चुकलेली एक बोली आहे, तिच्यात स्वतःचं असं काही नाही. वर्षाच्या पहिल्या तासाला आयाद हे फळ्यावर लिहून देत. मुलं ते उतरवून घेत आणि मधल्या सुट्टीत त्याच बोलीत फळ्याची टिंगल करत. कुणालाच त्यात काही विसंगत वाटत नसे.

अमावाल म्हणजे काय, हे आयादना माहीत होतं. त्या हिवाळ्यातच मादीनं चहावर सांगितलं होतं. राजधानीत तो जनावरांची डॉक्टरी शिकला होता, आणि तिथे पश्चिमेकडून आलेल्या एका अल्जेरियन मुलानं त्याला हा शब्द दिला होता.

"मामा, आपल्या भाषेत बोलण्याला शब्द आहे. अवाल. पण भाषेतल्या सगळ्या शब्दांना मिळून नाव नव्हतं. आता आहे. अमावाल."

"घरात भांडी चार," आयाद म्हणाले होते, "आणि तू कपाटाला नाव शोधतोयस."

"चार कुठली? नन्ना झायदा एकट्या घाण्याचेच किती शब्द सांगते ऐका. मी नुसतं टेप लावून बसतो."

"आणि ती चुकीचं बोलली तर?"

"ती चुकूच शकत नाही, मामा. आपण काही ठरवायचं नाही. वापरणारी माणसं म्हणतात तोच अर्थ. आपण टिपून घ्यायचं."

आयाद हसले होते. व्याकरणाच्या मास्तराला याहून भाबडं काही ऐकायला मिळत नाही.

आता बहीण तिब्रा, मादीची आई, त्यांच्या दारात उभी होती. तिच्या हाताला अजून पीठ होतं.

"दादा, तुला त्यांनी बोलावलंय ना? तू बोल त्यांच्याशी. तुला त्यांचं व्याकरण येतं."

"व्याकरणानं माणूस सुटत नाही, तिब्रा."

"मग कशानं सुटतो? ते तरी सांग."

सुरक्षा खात्याचा कॅप्टन जुमा किनाऱ्यावरचा होता. गोरापान, मृदू बोलणारा, आणि डोंगराच्या थंडीनं हैराण झालेला. त्यानं स्वतः उठून खुर्ची दिली. चहा आला, वर फेस, आत शेंगदाणे.

"घ्या उस्ताद. तुमच्यासारखा माणूस इथे आहे हे आमचं नशीब. मला तुमच्या बोलीतलं काही कळत नाही, आणि हे इथले लोक विचारलं की मेंढरासारखे बघत बसतात." त्यानं एक कॅसेट टेबलावर सरकवली. "अमावाल. ही काय भानगड आहे? संघटना आहे? कुणा माणसाचं नाव?"

आयादनी चहाचा घोट घेतला. खरं सांगायचं तर असं सांगावं लागलं असतं, की या भाषेत शब्दांचा स्वतःचा साठा आहे आणि त्या साठ्याला नाव आहे. म्हणजे ती भाषा आहे. म्हणजे फळ्यावरचं पहिलं वाक्य खोटं आहे, आणि ते वाक्य आयादचं नव्हतं, राजधानीतून आलेलं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी मागे दोघं-तिघं गेले होते आणि त्यांच्या घरचे अजून दाराशी चप्पल वाजली की उठून बघत.

खिडकीबाहेर एक पिकअप चालली होती. जैतुनाचा हंगाम होता. मागे गवताच्या टोपल्या एकात एक घातलेल्या हिंदकळत होत्या.

"टोपली," आयाद म्हणाले.

"टोपली?"

"जैतून वेचायची. गवताची. मोठी असते, दोन कानांची." मास्तरकीची सवय, एकदा सांगायला लागलं की उदाहरणावाचून थांबवत नाही. "शब्द मूळचा अरबीच आहे. आमचे पूर्वज येमेनहून आले तेव्हा बरोबर घेऊन आले. इकडे येता येता उच्चार जरा बिघडला."

येमेन ऐकून कॅप्टनचा चेहरा उजळला. सरकारी मताप्रमाणे डोंगरातलं सगळं येमेनहूनच आलं होतं, फक्त टोपल्यांचा पुरावा तेवढा राहिला होता. त्यानं कागद पुढे केला. आयादनी वळणदार अक्षरात तज्ज्ञ म्हणून मत लिहिलं, खाली सही केली. घरी परतताना आपण फार हुशारी केली असं त्यांना वाटत होतं, आणि ते वाटणं गावाच्या वेशीपर्यंत टिकलं.

वेशीवर हाजी यख्लफ भेटला. गावातला तेलाचा घाणा त्याचा. जमिनीखालच्या गुहेत, उंट बांधून फिरवायचा जुना घाणा.

"तुलाही विचारलं का रे अमावाल?" यख्लफ म्हणाला.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"सकाळी दोघं आले होते. मी म्हटलं, खायची वस्तू आहे. जवाच्या पिठाची भाकरी. मेथी घालून करतात."

आयाद जागीच थांबले.

तामझुरात मूल बोलायला लागलं की त्याला एक गोष्ट शिकवतात: सरकारी माणसानं काही विचारलं तर 'माहीत नाही' म्हणायचं नाही. इटालियनांच्या राज्यात ज्यांनी ज्यांनी 'माहीत नाही' म्हटलं, त्यांना चौकात नेऊन फासावर दिलं होतं. तेव्हापासूनची ही रीत. काहीतरी सांगायचं, लगेच सांगायचं, आणि शक्यतो खाण्याचं, गुरांचं किंवा दुखण्याचं सांगायचं, कारण या तीन गोष्टींत कुठल्याच सरकारला रस नसतो. त्या सकाळी खात्याची माणसं अर्ध्या गावाला भेटली होती आणि अर्ध्या गावानं आपली रीत पाळली होती. कुणी म्हणालं अमावाल म्हणजे मागावरची फळी. कुणी म्हणालं वारा, उन्हाळ्यातला. नन्ना झायदा, जिचा आवाज त्या कॅसेटींत होता, तिनं सांगितलं की तो शेळीच्या कासेचा रोग आहे.

"फार लागट आहे म्हटलं," ती आयादना म्हणाली. "म्हटलं, म्हणजे जवळ येणार नाहीत."

"नन्ना, अगं मी टोपली म्हणून लिहून दिलंय."

"मग आधी सांगायचं होतंस. मी काय, टोपली म्हटलं असतं."

दुपारच्या नमाजानंतर सगळे यख्लफच्या घाण्यात जमले. खाली गुहेत तेलाचा वास होता आणि उंट कोपऱ्यात रवंथ करत होता. तिब्रा बायकांच्यात बसली होती आणि कुणाकडेच बघत नव्हती.

"आता एकच मार्ग आहे," आयाद म्हणाले. "सगळ्यांनी टोपली म्हणायची. फक्त म्हणायची नाही, वापरायची. तो माणूस खात्री करायला येणार. आला की पोरासोरांच्या तोंडून त्याला टोपलीच ऐकू आली पाहिजे."

"आणि माझ्या भाकरीचं काय?" यख्लफनं विचारलं.

"टोपलीतून भाकरी नेतात, म्हणून कुणी भाकरीलाही म्हणतं."

"आणि माझ्या रोगाचं?" नन्ना झायदा.

"टोपलीतला ओला चारा खाल्ल्यानं होतो."

"असा कुठे रोग होतो?"

"नन्ना, रोग तू आणलास. आता निस्तर."

थोडा हशा पिकला. मग नन्ना झायदा म्हणाली, "जन्मभर टोपलीला तझगाउत म्हणत आले. आता दात पडल्यावर नवीन शब्द शिकू?"

"मादी सुटला की थुंकून टाक," यख्लफ म्हणाला.

"ते ठीक आहे. पण खरं काय असतं रे ते, आयाद?"

"आपण बोलतो ते शब्द. सगळे. त्या सगळ्यांना मिळून हे नाव."

म्हातारीनं त्यावर विचार केला. "त्याला नाव कशाला हवं होतं?" ती म्हणाली. "हरवलं होतं का ते?"

तिब्रानं मान वर केली आणि पहिल्यांदा बोलली. "उद्यापासून ज्याच्या तोंडून तझगाउत येईल त्यानं माझ्या दारासमोरून जायचं नाही."

गावानं मनापासून काम केलं. या गावानं सरकारची एकही योजना कधी राबवली नव्हती, पण ही राबवली. झाडाखाली बायका एकमेकींना अमावाल मागत. चुकून जुना शब्द निघाला तर शेजारीण चिमटा काढी. पोरींनी त्याचा खेळ केला: जिच्या तोंडून जुना शब्द येईल तिनं सगळ्यांचे अमावाल डोक्यावर वाहून न्यायचे.

कॅप्टन आला तो हंगाम भरात असताना, जीपमधून, बरोबर एक कारकून आणि एक दुभाषा घेऊन. दुभाष्याची काही गरज पडली नाही. उतरल्या उतरल्या एक चिमुरडी रडत आली की माझा अमावाल त्या हिनं घेतला, आणि त्या हिनं तो पाठीमागे लपवला होता. नन्ना झायदा एका फाटक्या टोपलीला गवताचे टाके घालत बसली होती. दुभाष्यानं हे काय म्हणून विचारलं तेव्हा तिनं त्याच्याकडे दया येऊन बघितलं. "तुझ्या घरी अमावाल नाहीत का रे? आई नाही का तुला?" कॅप्टन हसला. तिब्रानं एक नवी कोरी टोपली सुक्या अंजिरांनी भरली आणि स्वतःच्या हातानं जीपमध्ये ठेवली.

"हा अमावाल तुमच्यासाठी, साहेब."

जीप वळणाआड गेली तसा यख्लफनं घाण्याच्या दगडावर थाप मारली आणि सांगितलं की मादीच्या सुटकेचा मेंढा आपल्याकडून. तिब्रानं त्याच संध्याकाळी जव भाजायला घेतले. मादीला भाजलेल्या जवाच्या पिठाची झुम्मिता आवडायची, कालच्या जवाची नाही, ताज्या.

आयादना पुन्हा बोलावणं आलं तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. कॅप्टनच्या टेबलाशेजारी ती टोपली होती. अंजीर संपले होते, आत फायली उभ्या होत्या.

"बघा, मीसुद्धा अमावाल वापरायला लागलो," कॅप्टन म्हणाला. "बसा. एक अडचण आहे, उस्ताद. तुमचा भाचा."

"त्याला सोडणार ना?"

"त्याला विचारलं, अमावाल म्हणजे काय. तर म्हणतो, भाषेतल्या सगळ्या शब्दांचा साठा. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. बऱ्याच प्रकारे विचारून पाहिलं." बऱ्याच प्रकारे म्हणजे काय, ते त्यानं सांगितलं नाही. "आता मला सांगा. त्या एवढ्याशा पोरीला माहीत आहे की ती टोपली आहे. दात नसलेल्या म्हातारीला माहीत आहे. आणि विद्यापीठात शिकलेल्या माणसाला माहीत नाही? माणूस टोपलीसारख्या टोपलीबद्दल खोटं बोलतो, ते कशासाठी?"

आयाद खुर्चीत पुढे सरकले. "कॅप्टनसाहेब, तो म्हणतो तसाही एक अर्थ... म्हणजे पश्चिमेकडे, ऐकिवात आहे..."

"पश्चिमेकडे." कॅप्टननं टोपलीतून एक फाइल काढली, तिच्यातून एक कागद काढला आणि हळूच टेबलावर ठेवला. वळणदार अक्षर आयादचं होतं. "मग हे काय? तुम्ही सरकारला खोटं लिहून दिलंत? बरं, तुम्ही दिलंत. आणि ती म्हातारी? ती पोरगी? तुमची बहीण? अख्खं गाव मला खोटं बोललं? असेल तसं तर सांगा, मी लिहून घेतो. जागा आहे आमच्याकडे. बायकांसाठी वेगळी सोय करावी लागते, तेवढाच त्रास."

त्याचा आवाज कुठेच चढला नव्हता. चहा आला. वर फेस होता, आत शेंगदाणे.

"टोपलीच आहे," आयाद म्हणाले.

"मीही तेच म्हणतो. तर मग तुम्ही त्याला भेटा. मामा आहात. त्यानं एकदा टोपली म्हटलं की फाइल जुळते. फाइल जुळली की माणसाला ठेवून घ्यायची मला काय हौस आहे?"

मादीला आणलं तेव्हा तो भिंत धरून चालत होता. एका कानावर कापूस बांधलेला. मामांना पाहून त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. नियमाप्रमाणे अरबीतच बोलायचं होतं. दाराशी शिपाई उभा होता.

"मामा, बरं झालं आलात. तुम्ही सांगा यांना. तुम्हाला ठाऊक आहे, आपण चहावर बोललो होतो."

"काय बोललो होतो?"

"अमावाल."

"अमावाल म्हणजे टोपली, मादी."

मादीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मामा चेष्टा करत असावेत असं त्याला आधी वाटलं असावं. तसा तो ओठांच्या एका कोपऱ्यात हसलाही.

"जैतुनाची," आयाद म्हणाले. "दोन कानांची. गावात सगळे तेच म्हणतात."

"सगळे?"

"सगळे."

"नन्ना झायदासुद्धा?"

"ती तर टोपलीला टाके घालताना म्हणते. पोरी भांडतात त्यावरून. तुझी आई म्हणते. बाळा, तुझी आई जव भाजून बसली आहे. म्हण ना टोपली. एक शब्द आहे."

मादीनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बोटं सुजलेली होती.

"वापरणारी माणसं म्हणतात तोच अर्थ," तो शेवटी म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर आयादना घरी नेता आला असता. "मग मीच चुकलो असेन, मामा. घ्या लिहून."

शिपायानं सहीसाठी कागद पुढे केला. बोटांत पेन धरवेना, म्हणून अंगठा घेतला. जनावरांच्या डॉक्टरचा अंगठा. कॅप्टन आत आला, कागद उचलून वाचला, शाईवर फुंकर घातली.

"छान," तो म्हणाला. "बघ, किती सोपं होतं. आता फक्त एवढं सांग, टोपल्यांमध्ये काय होतं?"

त्यानं कॅसेटींचं खोकं जवळ ओढलं.

"टोपली घाण्याशी. टोपली मागाशी. टोपली शेळ्यांपाशी." कॅप्टन कॅसेटींच्या पाठी वाचत होता. "आणि आत म्हातारी एकेक वस्तू मोजून सांगते. वाक्य नाही, काही नाही. नुसती यादी. हे सामान कसलं, मादी? आणि साधी टोपली असताना तू इतके दिवस ती का लपवलीस?"

आयाद उठले. त्यांनी काहीतरी बोलायला सुरुवात केली, अरबीत, आणि वाक्य मध्येच सोडून दिलं. शिपायानं त्यांना दंडाला धरून अदबीनं बाहेर आणलं. उस्ताद होते ते.

यख्लफचा घाणा खणून काढला. काही सापडलं नाही, त्यावरून माल आधीच हलवला होता हे सिद्ध झालं. मेंढा तसाच राहिला. पुढे उन्हाळ्यात तो विकला. राजधानीतल्या कोर्टानं निकाल दिला तेव्हा त्यात गवताच्या, दोन कानांच्या टोपलीचं वर्णन तज्ज्ञांच्या मताबरहुकूम आलं होतं. येमेनचा उल्लेखही होता. शिक्षा जन्माची झाली.

त्यानंतर तिब्रा महिन्यातून एकदा राजधानीच्या तुरुंगावर जाऊ लागली. भेट मिळत नसे. फाटकावर खाणं घेत आणि रिकामी टोपली संध्याकाळी परत देत. खाणं घेतात म्हणजे खाणारा आहे, असा तिथल्या सगळ्या बायकांचा हिशेब होता, आणि त्या हिशेबावर त्या जगत. आयाद बरोबर जात आणि भिंतीच्या सावलीत उभे राहत. शाळेत ते अजून पहिल्या तासाला तेच वाक्य लिहून देत. फक्त हल्ली लिहून झालं की वर्गाकडे वळत नसत, फळा पुसून टाकत.

दरम्यान नन्ना झायदा वारली. खोटं बोलायचं कारण संपलं होतं, पण थुंकून टाकायचं कुणाला सुचलं नाही. त्या हंगामात ज्या पोरी टोपलीवरून भांडल्या होत्या, त्यांची लग्नं झाली, आणि त्यांची मुलं आईला अमावाल मागू लागली. तझगाउत म्हटलं तर ती नुसतं बघत राहत. शेजारच्या गावांनीही शब्द उचलला. तुरुंगाच्या रांगेत डोंगरातल्या बायका असत, त्यांच्याकडून तो फाटकावरच्या पहारेकऱ्यांनी घेतला. पहारेकरी दक्षिणेकडचे, वाळवंटातले. त्यांना वाटे, टोपलीला इकडे असंच म्हणत असावेत. त्यात त्यांची चूक नव्हती.

एका शरद ऋतूत तिब्रानं ताजी झुम्मिता नेली होती, वर तेलाची बाटली. रांग सरकत सरकत फाटकाशी आली. पहारेकऱ्यानं नाव विचारलं, आत गेला, आणि बऱ्याच वेळानं परत आला. टोपली त्याच्या हातात तशीच होती, वरचा रुमालही उचललेला नव्हता.

"हा अमावाल घेऊन जा, खाला," तो म्हणाला. "पुढच्या वेळेपासून आणू नका."

"का? बदली झाली का त्याची? दुसरीकडे नेलंय?"

"आणू नका, एवढंच सांगितलंय मला." त्यानं तिच्या मागच्या बाईला पुढे यायची खूण केली.

तिब्रा टोपली दोन्ही कानांनी धरून भिंतीपाशी आली. ऊन कलत होतं. आयादनी टोपली तिच्या हातातून घ्यायला हात पुढे केले, पण तिनं सोडली नाही.

"दादा," ती म्हणाली, "आणू नका म्हणजे काय?"

गावात ज्याला सगळ्या शब्दांचे अर्थ विचारत, तो माणूस तिच्यासमोर उभा होता.

"मला माहीत नाही," उस्ताद आयाद म्हणाले.